चार हजार वर्षांपूर्वीचा गोठा

शेणाची किंमत शेतकऱ्याच्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नसते. अंगण सारवायला शेण, चुलीला गोवरी आणि उरले ते उकिरड्यावर. कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी तीस वर्षे गावोगाव एकच सांगत आलो, की बाबांनो, शेण जाळू नका, खड्ड्यात घाला. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. गोवरी पेटली की ते धुराबरोबर गेले. जमिनीला हवा असलेला सेंद्रिय अंशही गेला. हाती राहते ती नुसती राख.

अशा माणसाने शेणाच्या राखेचे ढीग पाहण्यासाठी चारशे किलोमीटर प्रवास करावा, याचे आमच्या घरच्या मंडळींना फार हसू आले. पण हे ढीग आजकालचे नाहीत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या माळावर गुरे पाळणाऱ्या माणसांनी ते केले आहेत. तुमच्या-माझ्या धंद्याच्या इतक्या जुन्या खुणा फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. शिवाय माझ्या मनात एक जुनी खंत होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

बळ्ळारीच्या वाटेवर

माझा भाचा कर्नाटकात बळ्ळारीजवळ एका पोलाद कारखान्यात नोकरीला आहे. बळ्ळारी म्हणजे पूर्वीचे बेल्लारी. संक्रांतीच्या आठवड्यात रजा काढून आम्ही उभयता सोलापूरहून रेल्वेने निघालो. वाडी, रायचूर, गुंतकल अशी वाट आहे. खिडकीतून पाहताना परक्या मुलखात आलो असे वाटतच नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तोच कापूस. पाऊसही आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जिथे तुंगभद्रेच्या कालव्याचे पाणी पोचले आहे तिथे भात आणि मिरची, नाही तिथे आभाळाकडे डोळे.

फरक एवढाच, की या सपाट काळ्या रानातून मध्येच ग्रॅनाइटच्या टेकड्या वर येतात. पोरांनी गोट्या रचाव्यात तसे घराएवढाले गोल धोंडे एकावर एक बसलेले. त्यांच्या अंगावर माती कमी, खाचाखोचांत मात्र पाणी साठते आणि पावसाळ्यात गवत चांगले येते. गुरे राखणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवे? उंचावर घर, खाली रान, जवळ पाणी आणि चहूकडे नजर. या भागातले पहिले शेतकरी टेकड्यांवर का राहिले, ते टेकडी पाहिल्याबरोबर कळते.

राखेचा ढीग

दुसऱ्या दिवशी भाच्याने मोटरसायकलवरून मला कुडतिनीला नेले. बळ्ळारीहून होसपेटकडे जाताना साधारण वीस किलोमीटरवर हे गाव लागते. कानडीत राखेला बूदी म्हणतात आणि इथल्या ढिगाला लोक त्याच नावाने ओळखतात.

लांबून ती साधी टेकडी वाटते. जवळ गेलो तेव्हा पायाखाली माती नव्हती. चुलीतून काढून टाकलेल्या राखेसारखा फिकट करडा भुगा होता. कडेला जिथे ढीग कापला गेला आहे तिथे थर स्पष्ट दिसतात, एक करडा, एक पांढुरका, मग पुन्हा करडा. मधूनच काळपट हिरवट, काचेसारखे चकाकणारे, बुडबुडे आलेले गट्टे. वीटभट्टीत आच जास्त लागून विटा वितळतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे खंगर होते, अगदी तसे. एक गट्टा हातात घेऊन पाहिला. दिसतो जड, पण लागतो हलका. पाहून झाल्यावर जिथला तिथे ठेवला.

अशा ढिगांविषयी लोकांत कथा असणारच. कुडतिनीच्या ढिगाला भीमाने मारलेल्या हिडिंबासुराची राख म्हणत. हंपीजवळ निंबापूरला असाच एक ढीग आहे, तिथे वालीचे दहन झाले असे भाविक मानतात, कारण हंपीचा परिसर म्हणजे किष्किंधा. इतकी राख साध्या माणसाची असेल कशी, हा त्यामागचा हिशेब. लोकांनी निरीक्षण बरोबर केले होते. काहीतरी मोठे जळाले होते, हे त्यांनी ओळखले. जळाले काय, एवढाच प्रश्न होता.

साहेबलोकांनाही तो चटकन सुटला नाही. एकोणिसाव्या शतकात हे ढीग पाहणाऱ्यांपैकी कुणाला ते ज्वालामुखीचे वाटले, कुणाला भट्ट्यांचे. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूगर्भशास्त्र खात्यातले अधिकारी मात्र जमिनीकडे नीट पाहणारे होते. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना आदिमानवाचे दगडी हत्यार सापडले, आणि तेव्हापासून भारतातील अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. या ढिगांभोवती त्यांना घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, मडक्यांचे तुकडे आणि गुरांची हाडे दिसली. त्यांनी सांगितले, की हे शेण आहे. काटेरी कुंपणाच्या आत गुरे कोंडत असत, तिथे साठलेले शेण पेटले, त्याची ही राख.

पुढे १९६० च्या सुमारास लंडनच्या झॉयनर या शास्त्रज्ञांनी राखेची तपासणी करून तेच सिद्ध केले. त्यातले रसायन आपल्या समजुतीतले आहे. गवतात, कडब्यात वाळूचाच एक अंश असतो. त्याला सिलिका म्हणतात. गवताचे पान बोट कापते ते त्यामुळेच. गुरांच्या पोटातून तो न पचता शेणात येतो. शेणाचा मोठा ढीग दिवसेंदिवस आतून धुमसत राहिला की आच फार चढते, राखेतला क्षार त्या सिलिकेत मिसळतो आणि तिची काच होते. घरच्या चुलीत हे होत नाही, कारण तेवढी आच तिथे नसते.

खुरांचे ठसे

शेण आहे हे कळले, पण ते इतके साठले कसे? त्याचे उत्तर १९५७ साली उतनूर येथे मिळाले. हे गाव आजच्या तेलंगणात आहे. रेमंड ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञांनी तिथला ढीग खणला. राखेखाली त्यांना जाड लाकडी खांब रोवल्याचे खड्डे ओळीने सापडले. आत गुरांचा वाडा आणि त्याच्याबाहेर दुसरे कुंपण, आणि या दोहोंमधल्या जागेत माणसांच्या झोपड्या. म्हणजे गुरे मध्ये आणि राखणदार भोवती. वाघ-बिबट्यांच्या आणि चोरांच्या भीतीने आपणही जनावर घराजवळच बांधतो. वाडा जळाला, पुन्हा बांधला, पुन्हा जळाला, असे अनेकदा झालेले होते.

आणि एक गोष्ट अशी सापडली, की ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. वाड्याच्या जमिनीवर गुरांच्या खुरांचे ठसे तसेच राहिले होते. पावसाळ्यात गोठ्यासमोरच्या चिखलात उमटतात तसे, दोन फाकांचे. त्या संध्याकाळी कुणीतरी गुरे आत घेतली असतील, आडणा लावला असेल, मोजणी केली असेल. ती माणसे गेली, त्यांची भाषाही आपल्याला ठाऊक नाही, पण त्यांच्या गाईचे पाऊल राहिले.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या काम केले. बी. सुब्बराव यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास बळ्ळारीजवळ संगनकल्लू येथे उत्खनन केले. पुढे डॉ. के. पद्दय्या यांनी शोरापूर भागात बुदिहाळ येथे १९८९ पासून अनेक वर्षे खोदकाम केले. ढीग, गुरांचा वाडा, शेजारची वस्ती, गारगोटीसारख्या दगडाची हत्यारे घडवण्याची जागा, जनावरे कापण्याची जागा, असे सगळे गावच त्यांनी उजेडात आणले. घरांजवळ मडक्यांत पुरलेली लहान मुलेही सापडली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला जे जुने शेतकरी राहत होते, तेही आपली गेलेली मुले अशीच मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली पुरत. मूल घरापासून लांब नको, असे त्या आईला वाटले असेल. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

टेकडीवरचे शेतकरी

तिसऱ्या दिवशी आम्ही संगनकल्लू आणि कप्पगल्लूच्या टेकड्यांवर गेलो. या बळ्ळारी शहराच्या ईशान्येस, अगदी जवळ आहेत. चढताना दम लागला, पण वर गेल्यावर त्याचे चीज झाले. धोंड्यांच्या आधाराने जागा सपाट करून, कडेला दगड लावून वस्तीसाठी पायऱ्या केल्याच्या खुणा या भागातल्या अनेक टेकड्यांवर आहेत. आपण डोंगरउतारावर ताल घालतो त्याचीच आठवण होते. खडकांत धान्य दळून दळून पडलेले गुळगुळीत खळगे आहेत. बोट फिरवले तर जात्याच्या पाळीवर फिरवल्यासारखे वाटते. किती बायकांनी किती पहाटे तिथे बसून दळले असेल!

ते दळत काय होते? अलीकडच्या संशोधकांनी तिथली माती पाण्यात कालवून जळके दाणे वर तरंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सापडले ते हुलगा, मूग आणि दोन बारीक तृणधान्ये. त्यांतले एक आपल्या राळ्याच्या कुळातले, दुसरे कर्नाटकात आजही थोडेफार पेरतात ते कोरले. ज्वारी आणि बाजरी त्यांत सुरुवातीला नव्हती. ही दोन्ही पिके आफ्रिकेतून नंतर आली. म्हणजे ज्या भाकरीवर आपण स्वतःला अस्सल देशावरचे म्हणवतो तिच्याहून हुलग्याचे माडगे या मातीत जुने आहे. आजारी माणसाला माडगे देणाऱ्या आजीला हे ठाऊक नव्हते, तरी तिची परंपरा चार हजार वर्षांची होती. कमी पावसात, हलक्या रानात येणारे पीक म्हणून मी हुलग्याची शिफारस नेहमी करतो. यापुढे जरा जास्त मानाने करीन.

टेकडीच्या काळ्या खडकांवर बैलांची चित्रे कोरलेली आहेत. वशिंड उंच, शिंगे लांब आणि डौलदार. आपल्या खिलाराची आठवण येतेच. काढणाऱ्याने बाकी सगळे दोन रेघांत उरकले आहे, पण शिंगे मात्र मनापासून काढली आहेत. तिथेच काही शिळा अशा आहेत, की दगडाने ठोकल्या की घंटेसारख्या वाजतात. जिथे ठोकायचे तिथे वारंवार ठोकून खळगे पडले आहेत. गुरे ओढ्याच्या पलीकडे असताना इथून नाद केला तर सहज ऐकू जाईल, असे मला वाटले. सण-उत्सवातही तो वाजवत असतील.

जाळत का होते?

आता मूळ प्रश्न. इतके शेण त्यांनी जाळले का? यावर विद्वानांत एकमत नाही. ऑल्चिन यांचे म्हणणे, की वर्षातल्या ठरावीक वेळी, चराईसाठी जाता-येताना, देवाधर्माचा विधी म्हणून हे पेटवत असावेत. आपल्याकडे होळीला गोवऱ्या पेटतातच. कर्नाटकच्या दक्षिण भागात संक्रांतीला गुरांना सजवून पेटत्या गवतावरून उडी मारायला लावतात. त्याने रोगराई जाते असे मानतात. दुसरे काही म्हणतात, की ही साफसफाई होती. आणखी काहींच्या मते ढीग उंच करणे हाच आपल्या वस्तीचा मोठेपणा होता. दारापुढचा उकिरडा मोठा तर घर मोठे, असे आपल्याकडेही म्हणत असतच.

शेतीखात्यातला माणूस म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे गोचीड आणि माश्या. शेकडो गुरे एका जागी कोंडली की वाड्यात गोचीड किती होतात, ते गुराख्याला विचारा. औषध नव्हते, आग होती. दुसरी म्हणजे शेणाला मागणी नव्हती. गुरे फार, शेती थोडी, आणि रान मोकळे. एक तुकडा थकला तर दुसरा मोडायचा. पुढे तीन हजार वर्षांपूर्वीच्या आधीच हे ढीग घालणे थांबले. मला वाटते, माणसे एका जागी कायमची वसली आणि तीच जमीन दरसाल पेरू लागली, की शेण जाळण्याजोगे उरत नाही.

उतरताना वाटेत एक म्हातारे कुरुबर, म्हणजे तिकडचे धनगर, भेटले. खांद्यावर घोंगडी, पुढे मेंढ्या. भाच्याने त्यांना अज्जा म्हणून हाक मारली आणि मी काय पाहायला आलो ते सांगितले. ते हसले आणि कानडीत म्हणाले, की राख पाहायला आलात, पण लेंडी पाहायची तर माझ्याबरोबर चला. ते आजही कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवतात आणि शेतकरी त्यांना पैसे किंवा धान्य देतो. आपल्याकडचे धनगरही वाघर लावून असेच मेंढ्या बसवतात. मी त्यांना विचारले, शेतकरी वर्षाआड बोलावतो का? ते म्हणाले, चांगला शेतकरी आधी निरोप धाडतो. चार हजार वर्षांत हाच फरक पडला. कुंपण तेच, राखणदार तोच, पण खत पेटायचे थांबले आणि शेतात गेले.

माझी खंत

आता ती गोष्ट सांगतो. नोकरी लागून तीनच वर्षे झाली होती. माझ्या हद्दीतल्या एका गावाबाहेर ओढ्याकाठी पांढरीचे टेकाड होते. जुन्या उजाड वस्तीची पांढरी माती पिकाला चांगली, हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. तिच्यात राख असते, चुना असतो, हाडांचा स्फुरद असतो. एका कष्टाळू शेतकऱ्याने मला विचारले, साहेब, नेऊ का? मी म्हणालो, अवश्य न्या, फुकटचे खत आहे. त्याने पन्नास-साठ गाड्या ओढल्या. त्याचे पाहून इतरांनी ओढल्या. दोन उन्हाळ्यांत टेकाड संपले.

त्या मातीत नक्षीच्या मडक्यांचे तुकडे निघत. पोरे त्यांच्या ठिकऱ्या करून खेळत. एकदा त्या शेतकऱ्याने मला एक गुळगुळीत काळा दगड दाखवला, एका बाजूने धार काढलेला. मी तो हातात घेतला, छान आहे म्हणालो आणि परत दिला. बळ्ळारीच्या संग्रहालयात काचेमागे तशाच दगडी कुऱ्हाडी मांडलेल्या पाहिल्या तेव्हा मला तो दगड आठवला. तो शेतकरी आता हयात नाही. दगड कुठे गेला ते त्याच्या मुलांना माहीत नाही. त्या वर्षी त्याची ज्वारी चांगली आली होती, हेही खरे. सल्ला शेतीच्या हिशेबाने चुकला नव्हता. पण दोन हंगामांच्या खतासाठी गावाचे सगळ्यांत जुने दप्तर आम्ही शेतात पसरून टाकले, आणि ते पुन्हा गोळा करता येणार नाही.

तिकडचे राखेचे ढीगही असेच गेले आहेत. कुणी खतासाठी राख नेली, कुठे रस्त्यासाठी ढीग कापला गेला, कुठे दगडाच्या खाणीने टेकडीच खाल्ली. शंभराहून अधिक ढिगांची नोंद झाली आहे, पण नोंद झाली म्हणजे ढीग राहिलाच असे नाही.

जमीन कुणाची हे विचारले की आपण सातबारा दाखवतो. त्यावर फार तर चार पिढ्यांची नावे असतात. या मातीत पहिल्यांदा गुरे कुणी कोंडली, पहिला हुलगा कुणी पेरला, याचा सातबारा कुठल्याही कचेरीत नाही. तो अशा टेकाडांत आहे. राजांचे किल्ले आणि देवळे राखायला पुष्कळ लोक आहेत. शेतकऱ्याचा गोठा शेतकऱ्यानेच राखायला हवा.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या शिवारात पांढरीचे टेकाड असेल, नांगराला नक्षीची खापरे, दगडी कुऱ्हाड, राखेचे थर लागत असतील, तर तिथली माती ओढू नका. ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला कळवा, पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा. सापडलेली वस्तू कुठल्या गटात, किती खोल सापडली ते वहीत लिहून ठेवा, कारण जागा कळली नाही तर वस्तूचे अर्धे बोलणे बंद होते. जमीन तुमचीच राहते, पीकही तुमचेच. खतच हवे असेल तर शेणखताचा खड्डा कसा भरायचा, ते सांगायला मी आहेच.

परतीच्या गाडीत सौभाग्यवतींनी विचारले, इतक्या लांब येऊन शेवटी पाहिले काय? मी म्हणालो, गोठा पाहिला. त्या म्हणाल्या, मग घरी गेल्यावर आपलाही जरा झाडून काढा.